कोणी पाहू नका

प्रचारकांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं होतं, आणि बकुळाबाईंनी ते उघडले.

मुद्दाम नव्हे. मागच्या बाकावर कोणीतरी इतक्या जोरात शिंकलं की त्या दचकल्या, आणि दचकलेल्या माणसाचे डोळे उघडतातच. त्यांचा उजवा हात त्या वेळी वर होता. पदराच्या आडून, जेमतेम कानापर्यंत, पण वर. त्यात त्यांना नवीन काही नव्हतं. दर हिवाळ्यात हे प्रचारक लखनौकडून झाशीला येत, चर्चच्या मंडळीत सभा घेत, शेवटच्या संध्याकाळी हाच प्रश्न विचारत, आणि दर हिवाळ्यात बकुळाबाईंचा हात वर जाई.

"कोई न देखे," प्रचारक म्हणत होते. "सिर्फ़ प्रभु देख रहा है. अगर आज ही तुम्हारी साँस रुक जाए, और तुम्हें यक़ीन नहीं कि तुम कहाँ जाओगे, तो चुपचाप अपना हाथ उठा दो."

समोर, व्यासपीठाच्या बाजूला, मंडळीच्या पंचांचा आडवा बाक होता. त्या बाकाच्या टोकाला मफलर गुंडाळून विश्वंभरराव बसले होते. बकुळाबाईंचे यजमान, मंडळीचे सर्वांत जुने पंच, प्रभुभोजनाची थाळी फिरवणारे. त्यांचा हात वर होता.

बकुळाबाईंना तेवढा हातच दिसला. तोंडाकडे बघण्याची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, स्वतःचा हात पटकन खाली ओढला आणि मांडीवर दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. प्रार्थना पुढे चालूच होती. त्यातला एक शब्दही त्यांना ऐकू आला नाही.

घरी जाताना टांग्यात दोघं शेजारी बसली. सीपरी बाजारात दुकानांचे दिवे लागले होते. विश्वंभररावांनी पोटावर हात धरला होता. टांगा खड्ड्यात गेला की ते ओठ आवळत.

"थंडी वाजतेय का?" बकुळाबाईंनी विचारलं.

"नाही. सभा चांगली झाली."

"हो," त्या म्हणाल्या.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. विश्वंभररावांचं हिवाळे कुटुंब मूळचं नगरकडचं. विश्वंभरराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून झाशीला आले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. मुलगी लग्न होऊन जबलपूरला गेली. मंडळीतली उपासना हिंदीत चाले, बाजार हिंदीत, भांडणंसुद्धा हिंदीत. मराठी उरली होती ती स्वयंपाकघरात आणि रोजच्या घरच्या प्रार्थनेत. दिवाळीच्या सुमारास विश्वंभररावांच्या पोटात गोळा निघाला. डॉक्टरांनी शुक्रवारी ऑपरेशन ठरवलं होतं. गोळा कसला आहे ते उघडल्यावर कळेल, असं ते म्हणाले होते आणि मग चष्मा पुसत बसले होते. त्या चष्मा पुसण्यावरून बकुळाबाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

तरीही रविवारच्या त्या सभेपर्यंत त्यांना एक आधार होता. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाब्बाथ शाळेत त्यांना सांगितलं होतं की शेवटच्या दिवशी एका अंथरुणावर दोघं निजलेली असतील, त्यांतल्या एकाला नेतील आणि एकाला टाकून देतील. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात, शेजारी घोरणाऱ्या नवऱ्याकडे बघून, बकुळाबाईंनी हे वाक्य वाटून टाकलं होतं. नेतील ते हे. टाकतील ती मी. हे प्रार्थना करतात तेव्हा जणू समोर कोणी बसलेलं असतं. मी प्रार्थना करते तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू येतो. ख्रिस्तावर विश्वास आहे ना? आहे. पापांची क्षमा मागितली ना? मागितली, हजारदा मागितली. मग ती मिळाली का? इथं आल्यावर बकुळाबाईंचं गाडं अडून बसे. मिळाल्याचं कळतं कसं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटे. पंचांच्या बायकोनं असलं विचारायचं असतं का?

पण हे स्वर्गात पोचणार, याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती. आपण राहिलो तर राहिलो, हे तरी पोचतील. भीतीत माणूस कशावरही टेकतो. बकुळाबाई यावर टेकून इतकी वर्षं उभ्या होत्या. आणि आता हे शुक्रवारी टेबलावर झोपणार, आणि यांचाच हात वर.

विचारावं तरी कसं? विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं की प्रार्थनेत डोळे उघडले होते.

सोमवारी सकाळी त्या लवकर उठल्या. ओसरी झाडली, चादर बदलली, चांगले कप खाली काढले. विश्वंभररावांनी खाटेवरून हे सगळं पाहिलं.

"कोण येणार आहे?"

"कोणी नाही. धूळ झाली होती."

येणार होते ते प्रचारक. सभेच्या दुसऱ्या दिवशी ते घरोघर फिरत, आणि त्यांची खासियत अशी की बरोबर त्याच घरात शिरत जिथलं माणूस आदल्या संध्याकाळी हात वर करून बसलेलं असे. डोळे तर सगळ्यांचे मिटलेले असतात, आणि प्रचारक स्वतः तर आकाशाकडे तोंड करून उभे असतात. मग त्यांना कसं कळतं? पवित्र आत्मा सांगतो, असं मंडळीतल्या बायका म्हणत आणि बोलता बोलता अंगावर काटा आला म्हणून हात दाखवत. कंपाउंडरच्या विधवेकडे ते असेच गेले होते. ती रडली, त्यांनी तिच्याबरोबर गुडघे टेकले, आणि त्या दिवसापासून ती बाई हसतमुखानं फिरते.

बकुळाबाईंकडे ते कधीच आले नव्हते. पहिल्या वर्षी त्यांनी दिवसभर वाट पाहिली. दुसऱ्या वर्षीही. मग त्यांना कळून चुकलं. आत्मा सगळ्यांची नावं सांगतो, आपलं सांगत नाही. यापेक्षा अधिक स्पष्ट कोणी कसं सांगायचं? तरी हात वर जाई. भिकाऱ्याला घर माहीत झालेलं असतं, मिळत नाही हेही माहीत असतं, तरी तो दारावरून जाताना हाक देतोच.

पण यंदा यांचा हात होता. यांच्यासाठी तरी येतील.

दुपार कलल्यावर प्रचारक गल्लीत दिसले. काळा कोट, काखेत पवित्र शास्त्राचं पुस्तक. बकुळाबाई दाराच्या आत उभ्या राहिल्या. प्रचारक हिवाळ्यांच्या दारासमोर आले, ओसरीकडे बघून त्यांनी हात जोडले, "बाबूजी को सलाम कहिए, दुआ में याद रखेंगे," असं म्हणाले आणि पुढे गेले. पुढच्या घरी रेल्वेतला एक तरुण क्लार्क राहायचा. त्याचं दार त्यांनी वाजवलं आणि आत गेले.

बकुळाबाईंनी कप परत वर ठेवले. एक कप हातातून निसटला, पण फुटला नाही.

जसं माझं, तसंच यांचंही. आत्म्यानं यांचंही नाव घेतलं नाही.

त्या दिवसापासून त्यांना जेवण जाईना. शेजारच्या भाड्याच्या खोल्यांत हौसाबाई राहत. साताऱ्याकडच्या, त्यांचा नवरा झाशीजवळच्या बबीना छावणीत रणगाड्यांच्या पलटणीत सुभेदार होता. क्वार्टर मिळेपर्यंत त्यांनी शहरात बिऱ्हाड केलं होतं, आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून त्यांचा अर्धा दिवस हिवाळ्यांच्या ओसरीवर जाई. मंगळवारी त्या मटार सोलायला घेऊन आल्या आणि बकुळाबाईंच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या,

"वैनी, तुमी काय खाताय का न्हाई? आपरेशन त्यांचं हाय, तुमचं न्हवं."

बकुळाबाईंनी शेंग उघडली आणि दाणे सालींत टाकले. हौसाबाईंनी ते निमूटपणे वेचून परातीत घातले.

"हौसाबाई, तुमचे यजमान लढाईला गेले होते तेव्हा तुम्हाला भीती वाटली?"

"वाटली की. रेडिओ लागला की पोटात गोळा यायचा."

"ते मेले तर कुठं जातील, याची?"

हौसाबाईंचे हात थांबले. "आवो, मेले तर माझं काय हुईल याची वाटली. ते कुठं जातील ह्याचा मी कशापायी इचार करू? चांगला मानूस हाय, जाईल चांगल्याच जागी."

"आमच्यात तसं नाही. चांगुलपणावर नाही मिळत." बकुळाबाई हळू बोलत होत्या, पलीकडे विश्वंभरराव झोपले होते. "किती चांगलं वागलं तरी ते पुरत नाही. तारण, म्हणजे तुमच्यातला मोक्षच म्हणा, प्रभू फुकट देतो. त्यानं आपल्यासाठी जीव दिला, त्यावर विश्वास ठेवायचा आणि घ्यायचं."

"फुकट?"

"फुकट."

"मंग घ्यायला भ्या कशाचं?"

"घेतलंय की नाही, हेच कळत नाही."

हौसाबाईंना हसू आलं, पण समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांनी ते गिळलं. "तुमच्या पादरीबाबाला इचारा," त्या म्हणाल्या. "त्याला ठावं असंल. त्याचंच काम हाय न्हवं?"

बुधवारी पादरीसाहेब आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला आले. तरुण माणूस, ओरछ्याच्या बाजूचा, नुकताच शिकून आलेला. त्यांनी डॉक्टरांच्या हातांसाठी, नर्सांसाठी, हत्यारांसाठी, रक्तासाठी प्रार्थना केली. चहा घेतला. बकुळाबाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या.

"पादरी साहब, किसी को विश्वास हो, पर यक़ीन न हो, तो?"

"किसको, माता जी?"

"हैं एक."

पादरीसाहेबांनी सायकलचं कुलूप काढता काढता विचार केला. "उनसे कहिए, अपने मन को मत देखें. मन तो रोज़ बदलता है. वचन को देखें. जिसने वादा किया है, वो झूठा नहीं है."

उत्तर बरोबर होतं. बकुळाबाईंना ते पाठही होतं. पण वचन सगळ्या जगाला दिलेलं असतं, आणि त्या सगळ्या जगात आपल्या माणसाचं नाव धरलेलं आहे का, हा त्यांचा प्रश्न होता. तो हिंदीत मांडता आला नाही. मराठीतही आला असता की नाही कोण जाणे. पादरीसाहेबांची सायकल वळणावर दिसेनाशी झाली.

विश्वंभरराव त्या आठवड्यात घरातल्या वस्तू दुरुस्त करत होते. मागच्या दाराची कडी त्यांनी घट्ट केली. कपड्यांची दोरी नवी बांधली. कुकरच्या मुठीचा स्क्रू बसवला. चार पेच फिरवायचे आणि खाटेवर येऊन पडायचं, श्वास सावरायचा, पुन्हा उठायचं. कडी नीट लागते का हे बघायला त्यांनी बकुळाबाईंना बोलावलं.

"तुला एकटीला लावता येते का बघ."

बकुळाबाईंनी कडी लावली, काढली. येत होती. इतक्या सहज येत होती की त्यांना ती तोडून टाकावीशी वाटली.

घरच्या प्रार्थनेत रोज विश्वंभरराव शास्त्र वाचत. त्या आठवड्यात बकुळाबाईंनी चष्मा लावून स्वतः वाचायला घेतलं. जिथं जिथं आश्वासन आहे, सांभाळण्याचं, न सोडण्याचं, तेवढंच त्या शोधून वाचत आणि वाचता वाचता चष्म्यावरून त्यांच्या तोंडाकडे बघत. विश्वंभरराव डोळे मिटून ऐकत. त्यांच्या तोंडावरून काही कळत नसे. आजारी माणसाचं तोंड, गाल बसलेलं.

"हेच हेच का वाचतेस?" गुरुवारी त्यांनी विचारलं.

"नको?"

"वाच. चांगलं आहे."

शुक्रवारी सकाळी इस्पितळात त्यांना हिरवा अंगरखा घातला होता. वॉर्डात धुकं शिरल्यासारखा पांढरा उजेड होता आणि फिनेलचा वास. हौसाबाई सोबत आल्या होत्या. त्या गरम पाणी आणायला थर्मास घेऊन खाली गेल्या. खाटेशेजारच्या स्टुलावर बकुळाबाई बसल्या. विश्वंभररावांच्या मनगटावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं होतं. ते नाव बघितलं आणि बकुळाबाईंच्या आत जे काही आठवडाभर दाबून ठेवलेलं होतं ते वर आलं.

"मी सभेत डोळे उघडले होते," त्या म्हणाल्या.

विश्वंभररावांनी मान त्यांच्याकडे वळवली. "माहीत आहे."

"कसं?"

"मी बघत होतो."

"तुमचे तर मिटलेले असणार ना?"

"मी कधी मिटत नाही, बकुळ. ते माझं काम आहे."  बोलण्यानंही त्यांना धाप लागत होती. "कोणाकोणाचे हात वर झाले ते बघायचं, आणि सभा सुटली की प्रचारकांना सांगायचं. आधी जुने पंच सांगायचे. ते वारल्यावर माझ्याकडे आलं. म्हणून तर तो बाक आडवा आहे."

 बकुळाबाईंना आधी शब्द कळले आणि अर्थ मागाहून, एकेक करून, आत आला.

"म्हणजे कंपाउंडरच्या बाईकडे..."

"मी सांगितलं."

"त्या क्लार्ककडे?"

"रविवारी मीच."

"आणि माझा हात? तो दिसायचा तुम्हाला?"

"दर वर्षी."

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी खोकत होतं. बकुळाबाईंनी ते खोकणं संपेपर्यंत वाट पाहिली.

"मग माझं नाव?"

विश्वंभररावांनी आता डोळे मिटले. "नाही सांगितलं. पहिल्या वर्षी लाज वाटली. पंचाच्या घरातच असं, लोक काय म्हणतील. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील गेल्या वर्षी का नाही. मग पुढे तुझा हात वर झाला की मी खिडकीकडे बघायचो."

"मला वाटलं आत्मा माझं नाव सांगत नाही." बकुळाबाईंचा आवाज फाटला. "मला वाटलं प्रभूनंच मला वगळलं. इतकी वर्षं मी तुमच्या शेजारी झोपून हे समजत होते, आणि तुम्ही खिडकीकडे बघत होतात?"

त्यांना राग आला होता. आयुष्यात त्यांनी या माणसावर आवाज चढवला नव्हता आणि नेमका आज चढत होता. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

"मला ते ठाऊक नव्हतं," विश्वंभरराव म्हणाले. "देवाशपथ नव्हतं. मला वाटायचं, कोणी आलं नाही म्हणून तुझी सुटका झाली असेल."

"सुटका!"

"चुकलो मी."

बकुळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. विचारायचं होतं ते अजून राहिलंच होतं, आणि ते विचारताना राग कुठं गेला ते त्यांना कळलं नाही. पुन्हा नुसती भीती उरली.

"आणि तुमचा हात? तुम्हाला खात्री नाही?"

विश्वंभरराव छताकडे बघत म्हणाले, "माझ्याबद्दल मी काही विचारच केला नाही गं. तुझा हात वर झालेला दिसला. मनात आलं, हा गोळा मला घेऊन गेला तर पुढच्या हिवाळ्यात हा हात असाच वर होणार, आणि ज्याला माहीत आहे असं कोणी नसणार. मी तर बघूनही बघत नव्हतो." त्यांनी श्वास घेतला. "तुला टाकून मला नेणार असतील, तर मी तिथं जाऊन काय करू? म्हटलं, हिच्यात मोजा मला. हात वर गेला."

"असं बोलू नये," बकुळाबाई घाबरून म्हणाल्या. "आज तरी असं बोलू नका. पाप लागेल."

"बोललो आता."

बाहेर चाकांचा आवाज झाला. वॉर्डातला माणूस स्ट्रेचर ढकलत आला. दाढीचे खुंट वाढलेला, घाईतला. "चलो बाबूजी, डॉक्टर साब आ गए," म्हणत त्यानं आणि नर्सनं मिळून विश्वंभररावांना सरकवून स्ट्रेचरवर घेतलं. हाडं इतकी हलकी झाली होती की त्यांना काही कष्ट पडले नाहीत.

"प्रार्थना कर," विश्वंभरराव म्हणाले.

"मी?"

"मला जमत नाही. तोंड कोरडं पडलंय."

बकुळाबाईंनी चारचौघांत कधी प्रार्थना केली नव्हती. त्यांना नवऱ्याची प्रार्थना तोंडपाठ होती, तिची सुरुवात, तिचे मोठमोठे शब्द. त्यातला एकही आता आठवेना. त्यांनी स्ट्रेचरचा दांडा धरला.

"प्रभू," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग सरळ बोलायला लागल्या, जसं घरात बोलत तसं. "मला नीट बोलता येत नाही. यांनी माझं नाव तुझ्या माणसांना सांगितलं नाही, त्याचं मी यांच्याशी नंतर बघेन. यांना आधी परत पाठव. नाही पाठवलंस तर यांना सांभाळ. पण हे म्हणतात, मला टाकून येणार नाहीत. हे हट्टी आहेत, कोणाचं ऐकत नाहीत. तुला मी काय सांगू? तूसुद्धा तसलाच. वर काय कमी होतं तुला? पण आम्हाला टाकून वर राहवलं नाहीच तुला. आलास ना खाली, आमच्यात..."

इथं त्या थांबल्या. हे वाक्य त्या दर नाताळाला ऐकत आल्या होत्या, उभ्यानं गात आल्या होत्या. ते आपल्या तोंडून असं भांडणाच्या सुरात निघालेलं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. विश्वंभरराव त्यांच्याकडे टक लावून बघत होते. 

"हो गया, अम्मा?" वॉर्डातल्या माणसानं विचारलं. "ले जाएँ?"

बकुळाबाईंनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्याला कळलं नसावं, पण त्यानं स्ट्रेचर ढकललं. त्या दांडा धरून बरोबर चालत राहिल्या. लांबलचक व्हरांडा, मग एक वळण, मग दोन फळ्यांचं पांढरं दार. तिथं नर्सनं त्यांची बोटं हळूच सोडवली. विश्वंभरराव काहीतरी म्हणाले, पण चाकं उंबऱ्यावरून खडखडली आणि ते ऐकू आलं नाही. फळ्या मागे-पुढे हलल्या आणि मिटल्या.

 भीती गेली नव्हती. होती तशीच होती. नातेवाइकांसाठीचा बाक व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला होता. बकुळाबाईंनी त्या बाकाकडे बघितलं, आणि दाराशेजारी भिंतीला टेकून खाली फरशीवर बसल्या.

हौसाबाई थर्मास घेऊन धापा टाकत आल्या. "नेलं व्हय? अगं बाई. आन् तुमी हितं काय बसलाय गारठ्यात? चला, तिकडं बाकावर."

"इथंच बरं आहे."

"आवो, हितं दारात बसू द्यायचे न्हाईत. हाकलतील."

"हाकलू देत," बकुळाबाई म्हणाल्या. "हाकलतील तेव्हा बघू."

हौसाबाईंनी एकवार त्या बंद दाराकडे बघितलं, एकवार त्यांच्याकडे. मग थर्मास बाजूला ठेवून त्यांनी लुगडं सावरलं.

"मंग सरका जरा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसल्या.